नवा टॅक्टिकल फोल्डर (मजबूत बांधणीचा, मिटणारा चाकू): पातं एका बाजूला, लॉक चिकटतं, पुठ्ठा जड जातो. परत करू की ठेवू?

सुतळीगाठ

रोज खिशात ठेवायला एक टॅक्टिकल फोल्डर घेतलाय. काही गोष्टी आवडल्या, काही खटकल्या. त्यातल्या कुठल्या आपोआप सुटणाऱ्या, कुठल्या हाताने सोडवायच्या आणि कुठल्या सरळ परत पाठवायच्या, हे ठरवायला मदत हवी आहे.

आधी मोजमापं. पातं ८६ मिमी, ड्रॉप पॉइंट (पाठ टोकाकडे खाली उतरलेली), डी२ स्टील (कठीण हत्यारी पोलाद), वर काळं कोटिंग. पाठीची जाडी ३.८ मिमी. धारेच्या लगेच मागची जाडी कॅलिपरने ०.७५ मिमी भरली, बेव्हलची (धारेच्या उताराची) रुंदी साधारण १ मिमी. मूठ जी१०ची (काचेच्या धाग्यांचं कडक साहित्य), आत १.५ मिमीचे स्टील लायनर (मुठीच्या आतल्या पट्ट्या), लॉक लायनर लॉकच, म्हणजे एका लायनरचं टोक आत सरकून उघडलेलं पातं अडवतं. फ्लिपर टॅब (मिटल्यावर पाठीकडे बाहेर राहणारा, बोटाने दाबून पातं उघडायचा कान) आणि थंब स्टड (अंगठ्याने उघडायची गुंडी) दोन्ही आहेत. पिव्होटला (पातं ज्यावर फिरतं त्या खिळीला) छऱ्यांचं बेअरिंग. मिटल्यावर लांबी ११८ मिमी, वजन १४२ ग्रॅम. क्लिप उजव्या हाताची, टोक वर राहील अशी.

चांगलं आधी सांगतो. फ्लिपर दाबला की पातं एका दमात पूर्ण उघडतं, मध्ये रेंगाळत नाही. मुठीत चारही बोटं बसतात. पाठीवरच्या खाचा पकड देतात पण अंगठ्याला टोचत नाहीत.

आता खटकणारं. मिटलेला चाकू पाठीकडून पाहिला तर पातं मधोमध नाही, क्लिपच्या विरुद्ध बाजूला झुकलंय. लायनरला घासत नाही, पण फट दोन्हीकडे सारखी नाही. उघडल्यावर पातं किंचित डावी-उजवीकडे हलतं. पिव्होट आवळला की हलणं थांबतं, पण मग पातं इतकं जड होतं की फ्लिपरने पूर्ण उघडत नाही. लॉक चिकटतं: हळू उघडलं तर ठीक, मनगटाचा झटका देऊन उघडलं तर लायनर जास्त आत जातो आणि तो सोडवताना अंगठा दुखतो. कागद मधल्या भागात छान कापतो, पण टोकाकडे अडकतो, आणि मुठीजवळची ३-४ मिमी धार जवळजवळ बोथटच आहे. जाड पुठ्ठ्यात पातं पाचरीसारखं रुतून बसतं. आणि क्लिप खिशाचं कापड ओरबाडते.

खोलून साफ करावा का? की खोलल्यावर परत घेणार नाहीत?

पिव्होटपिन

एकाही स्क्रूला हात लावू नका, आधी तीन तपासण्या करा. तुम्ही लिहिलेल्यातलं बरंचसं किरकोळ आहे. चाकू परत करायचा की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्या तुमच्या यादीत नाहीतच.

सुरुवातीलाच धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. सगळी तपासणी टेप लावूनच करायची.

पहिली तपासणी, डिटेंट. लायनरवर एक बारीक गोळी बसवलेली असते आणि चाकू मिटल्यावर ती पात्याच्या बुंध्यातल्या (पिव्होटजवळच्या भागातल्या) खळग्यात बसते. खिशात पातं मिटलेलं राहतं ते फक्त तिच्या जोरावर. मिटलेला चाकू पातं खालच्या बाजूला उघडेल असा धरा आणि मनगटाने मध्यम झटके द्या, फ्लिपरला बोट न लावता. पातं जागचं हललं नाही पाहिजे. अगदी जोरात झटकल्यावर बाहेर आलं तर चालेल, हलक्या झटक्याला आलं तर तो चाकू खिशात ठेवण्यालायक नाही. टोक वर ठेवून बाळगायच्या क्लिपमध्ये तर नाहीच, कारण पातं किंचित उघडलं तर टोक थेट खिशात घातलेल्या हाताच्या वाटेत येतं. हा दोष घरी दुरुस्त करायचा नसतो. लायनर वाकवून ताण वाढवण्याचे व्हिडिओ दिसतील, पण त्याने लॉकअपही (लायनर बुंध्यावर किती टेकतो ते) बदलतं.

दुसरी तपासणी, उभी हालचाल. तुम्ही आडवी हालचाल लिहिली आहे, ती पिव्होटची. उभी म्हणजे पाठ-धार या दिशेची. चाकू उघडा, एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याचा मधला भाग, आणि वर-खाली दाबून बघा. बारीकशी ‘टक’ जरी जाणवली तरी लॉक आणि स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिच्यावर अडून थांबतं) यांच्यामध्ये पातं घट्ट धरलं जात नाहीये. पिव्होट कितीही आवळा, हे जाणार नाही. हालचाल उभी असेल तर परत, आडवी असेल तर जुळवणी. एवढा फरक लक्षात राहिला तरी निम्मी चिंता कमी होते.

तिसरी, लॉकवरचा दाब. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवा आणि मूठ हळूहळू खाली दाबा, म्हणजे चाकू मिटण्याच्या दिशेने जोर येईल. मूठ मुठीत आवळून धरू नका. अंगठा आणि बोटांची टोकं फक्त दोन्ही बाजूंच्या जी१०वर असू द्या, पात्याच्या खाचेसमोर एकही बोट नको. जोर वाढवत असताना लायनरच्या टोकाकडे बघा. ते बुंध्यावरून आपल्या बाजूकडे, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, सरकताना दिसलं तर लॉकच्या तोंडाचा कोन चुकलाय. ताबडतोब परत. जागच्या जागी राहिलं तर लॉक बरोबर आहे. पाठ टेबलावर आपटून बघायची पद्धत मी कुणालाच सुचवत नाही. आपटल्याने लायनर क्षणभर उसळतो आणि चांगलं लॉकही सुटू शकतं, आणि पुन्हा पुन्हा आपटलं तर स्टॉप पिन आणि लॉकचं तोंड दोन्ही ठेचले जातात.

आता लॉक चिकटण्याबद्दल. तुमच्या वर्णनावरून कारण बहुधा कोटिंग आहे. काळं कोटिंग बुंध्याच्या ज्या उतारावर लायनर टेकतो तिथेही चढलेलं असतं, ते खरखरीत असतं, आणि झटका दिला की लायनर त्यात पाचर मारल्यासारखा घुसतो. वापराने तिथलं कोटिंग घासून चकचकीत पट्टा तयार होतो आणि चिकटणं कमी होतं. तोवर एवढं करा: कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लायनरचं तोंड आणि बुंध्याचा उतार दोन्ही पुसा, वाळू द्या, मग बुंध्याच्या उतारावर पर्मनंट मार्कर किंवा मऊ शिसपेन्सिल फिरवा. हे कोरडं वंगण आहे. तेल तिथे अजिबात नको. लॉक घर्षणावर टिकतं, तेलाने ते सुटायची शक्यता वाढते.

झटका देऊन उघडणंही थोडे दिवस बंद ठेवा. फ्लिपरने उघडायला मनगट हलवावं लागत नाही.

उतारावर पॉलिश पेपर किंवा कानस मारायचा मोह होईल. आकडे बघा. लायनर लॉकचा उतार साधारण ८ अंशांचा असतो. तिथला ०.१ मिमी धातू गेला तर तेवढी फट भरायला लायनरला जवळपास ०.७ मिमी जास्त आत सरकावं लागतं. तुमचा लायनरच १.५ मिमीचा आहे. म्हणजे कागदाच्या जाडीएवढं घासलं तरी लॉकअप २५ टक्क्यांवरून ७० च्या पुढे जाईल, आणि तिथून परत आणता येत नाही.

लॉकअप किती टक्के आहे ते लिहिलं नाहीत. सावकाश उघडल्यावर लायनरच्या जाडीचा कितवा हिस्सा बुंध्यावर टेकतो ते बघा. नव्या चाकूत २५ ते ५० टक्के हवं. २० च्या खाली असेल तर लॉक पुरेसं बसत नाहीये, ७० च्या वर असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही.

छर्रा_वॉशर

पिव्होटपिन यांच्या तीनही तपासण्यांना +१. मी फक्त पिव्होट आणि मध्यावर न येणाऱ्या पात्याबद्दल लिहितो.

पातं क्लिपच्या विरुद्ध बाजूला झुकलंय म्हणता, ते अपेक्षितच आहे. उजव्या हाताच्या लायनर लॉकमध्ये लॉकचा लायनर क्लिपच्या बाजूला असतो. मिटलेल्या स्थितीत डिटेंटची गोळी पात्याला सतत दुसऱ्या बाजूला ढकलत असते. पिव्होट जरा सैल असला की पातं तिकडे कलतं. म्हणजे झुकलेलं पातं आणि आडवी हालचाल ही एकाच सैल पिव्होटची दोन लक्षणं असण्याची शक्यता मोठी आहे.

खरा प्रश्न हा की आवळल्यावर पातं जड का होतं. बेअरिंगच्या चाकूत असं व्हायला नको. वॉशरच्या चाकूत हलणं आणि जड होणं यांच्या मधली जागा निरुंद असते, फॉस्फर ब्राँझचे वॉशर वापराने गुळगुळीत होत जातात तशी ती रुंदावते. बेअरिंग मात्र पहिल्या दिवसापासून हलकं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर तीन कारणं जास्त दिसतात: कारखान्यात जास्त लावलेलं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) ओघळून छऱ्यांमध्ये घट्ट झालंय, लायनरमध्ये बेअरिंगच्या खळग्याच्या काठावर यंत्रकामाचा बर (कडेवर राहिलेला धातूचा पापुद्रा) राहिलाय, किंवा बेअरिंगचा पिंजरा (छरे धरणारी चकती) खळग्यात सपाट बसलेला नाही.

खोलण्याआधी एक करून बघा. मुठीचे बाकीचे स्क्रू, म्हणजे मागच्या स्पेसरचे, अर्धा फेरा सैल करा. पिव्होट हलणं थांबेपर्यंत आवळा. पातं मिटवून चिमटीने मध्यावर धरा आणि मागचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत आणा. एकदम एकच पूर्ण आवळला तर लायनर तिरका बसतो. मग पिव्होटची बारीक जुळवणी, एका वेळी १० ते १५ अंशच. बेअरिंगला तेवढ्यानेही फरक पडतो. याने काम झालं तर चाकू खोलायची गरजच नाही.

खोलायचाच असेल तर विक्रेत्याच्या अटी आधी वाचा. काही उत्पादक खोललेल्या चाकूची हमी नाकारतात, काही नाकारत नाहीत. परत करायची मुदत चालू असताना, आणि वरच्या तपासण्यांत एकही शंका असताना, मी खोलणार नाही.

हत्यारं: पिव्होटला बहुतेक टी८, बाकीच्यांना टी६ (ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स बिट). स्वस्त बिटच्या कडा गोलावलेल्या असतात आणि त्या स्क्रूचं डोकं खातात. बिट पूर्ण खोल बसतो का ते बघा, खाचेत रंग किंवा कोटिंग साचलं असेल तर टाचणीने काढा. स्क्रू हलतच नसेल तर जोर लावू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट टेकवा, थ्रेडलॉकर मऊ पडतं. पिव्होट दोन्ही बाजूंनी एकत्र फिरत असेल तर तो डी आकाराचा (एका बाजूने सपाट, म्हणून जागी न फिरणारा) नाही, दोन स्क्रूड्रायव्हर लागतील.

पसरट ताटलीत खोला, खाली कापड अंथरून. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो. बेअरिंगची कुठली बाजू पात्याकडे होती ते फोटोत दिसलं पाहिजे, कारण काही पिंजऱ्यांत छरे एकाच बाजूने जास्त बाहेर येतात आणि उलटं बसवलं तर नेमकं तुमच्यासारखं जडपण येतं. स्टॉप पिन सुटी असते, ती घरंगळते. सगळे भाग आयसोप्रोपिलने पुसा. खळग्याच्या काठावरून नख फिरवा, अडकलं तर बर आहे. तो १००० ग्रिटच्या कागदाने नुसता मारायचा, खळग्याच्या तळाला लागू द्यायचा नाही.

जोडताना प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, डिटेंटची गोळी बुंध्यावर ज्या रेषेत घासते तिथे सुईच्या टोकाएवढं. जास्त तेल म्हणजे खिशातला सगळा धुरळा आत. थ्रेडलॉकर स्क्रूच्या पहिल्या दोन-तीन आट्यांनाच, टूथपिकने. लॉकटाइट २२२ जांभळं असतं, कमी ताकदीचं, या मापाच्या स्क्रूंना तेच योग्य. २४२ किंवा २४३ निळं पिव्होटला चालतं. लाल २७१ घराबाहेरच ठेवा, ते सोडवायला भरपूर उष्णता लागते आणि तोवर स्क्रूचं डोकं गेलेलं असतं. लावल्यावर जुळवणी पहिल्या दहा मिनिटांत उरका, मग चोवीस तास चाकू बाजूला ठेवा. अर्धवट सुकत असताना पिव्होट फिरवला तर ते तुटतं आणि पकड राहत नाही.

सहाणवाला

पुठ्ठ्याचं उत्तर लॉकमध्येही नाही आणि पिव्होटमध्येही नाही, ते तुम्ही स्वतःच मोजलेल्या ०.७५ मध्ये आहे. तो आकडा दिलात हे फार बरं केलं. बहुतेक जण स्टीलचं नाव देतात आणि थांबतात.

धारेमागची जाडी ०.३ ते ०.५ मिमी असली की पातं पुठ्ठ्यातून सरकतं. ०.७ च्या पुढे गेलं की धार कितीही तेज असो, कापल्यानंतर पुठ्ठा बाजूला सारायचं काम त्या जाडीला करावं लागतं आणि हाताला तेच जाणवतं. कागद पातळ असल्याने त्यात हा फरक कळत नाही. म्हणून कागद कापून धारेची परीक्षा होते, चाकूची होत नाही. टॅक्टिकल म्हणून विकल्या जाणाऱ्या पात्यांमध्ये ही जाडी मुद्दाम ठेवलेली असते, कारण ग्राहक मजबुती मागतो. रोजच्या खोक्यांसाठी, दोरीसाठी, केबल टायसाठी तिचा उपयोग नाही.

कारखान्याने कुठला कोन दिलाय ते तुमच्या आकड्यांवरूनच निघतं. धारेमागच्या जाडीचा अर्धा, ०.३७५, भागिले बेव्हलची रुंदी १. हे कोनाचं साइन. उत्तर दर बाजूला साधारण २२ अंश. डी२साठी एवढा बोथट कोन नको, १७-१८ वर आरामात टिकेल. १७ अंशांवर आणलंत तर बेव्हल १ मिमीवरून साधारण १.३ मिमी रुंद होईल. पाचरीसारखं रुतणं यानं पूर्ण जाणार नाही, पण पहिला शिरकाव बराच हलका होईल. पूर्ण जायचं तर पात्याच्या अंगावरचा धातू कमी करावा लागतो. त्यात कोटिंग जाईल, पट्ट्यावर केलंत तर पातं तापून पाणी (कडकपणा) उतरायचा धोका आहे. नव्या चाकूवर ते मी करणार नाही.

डी२मध्ये कार्बन साधारण दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण, मोठ्या कणांच्या रूपात बसतं. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, धार झिजायला वेळ लागतो, पण साध्या दगडावर लावायलाही वेळ लागतो, म्हणून डायमंड प्लेट घ्या. दोन, गंजायला विरोध करण्यासाठी मोकळं क्रोमियम कमी उरतं. कोटिंग पात्याला वाचवतं, पण धार लावली की बेव्हल उघडा पडतो. लिंबू किंवा घाम लागला तर पुसून कोरडं करा, नाहीतर बेव्हलवर तपकिरी ठिपके येतात.

पद्धत अशी. दोन्ही बेव्हलवर मार्कर फिरवा. ४०० ग्रिटची डायमंड प्लेट, ओली. पाठ उचलून कोन पकडा. १७ अंशांवर प्लेटचा स्पर्श आधी बेव्हलच्या वरच्या खांद्याला होतो, म्हणून सुरुवातीला मार्कर तिथलाच जाईल. हे बरोबर आहे. खांद्यापासून धारेपर्यंत पूर्ण मार्कर पुसला जाईपर्यंत तीच बाजू चालू ठेवा. धारेला पोचलात की दुसऱ्या बाजूला बर येतो. बर म्हणजे कडेवर उलटलेला धातूचा पापुद्रा. कापसाची काडी पाठीकडून धारेकडे ओढा, तंतू अडकले तिथे बर आहे. मुठीपासून टोकापर्यंत सलग आला पाहिजे. मगच बाजू बदला, आणि तिकडेही सलग बर येईपर्यंत तेच. घाईत इथेच चूक होते: मधल्या भागाला बर आला की लोक पुढच्या ग्रिटवर जातात, आणि टोक तसंच राहतं. तुमचं टोक अडकण्याचं कारण हेच असणार, कारखान्यातल्या पट्ट्यावर टोकाच्या वळणाला कोन बदललेला असतो. वळणाशी पोचल्यावर मूठ किंचित उचला, म्हणजे कोन तोच राहतो.

मग जोर कमी करत आळीपाळीने एकेक घासा, बर बारीक होत जाईल. १००० ग्रिटवर तेच. डी२ला आरशासारखी चमक देण्यात वेळ घालवू नका. ६०० ते १००० वर थांबवलेली किंचित दातेरी धार पुठ्ठ्यात आणि दोरीत जास्त चांगली चालते. शेवटी १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावलेल्या चामड्यावर दर बाजूला आठ-दहा हलके हात, पाठ पुढे ठेवून. चामड्यावर जोर दिला तर ते दबतं आणि धार गोलावते.

पहिल्या एक-दोन धारांत स्टील लवकर बोथट होत असेल तर लगेच स्टीलला दोष देऊ नका. कारखान्यात कोरड्या पट्ट्यावर धार लावताना अगदी कडेचा धातू तापलेला असू शकतो. तेवढा थर निघून गेला की खालचं स्टील कसं आहे ते कळतं.

मुठीजवळचे ३-४ मिमी: तिथे धार संपते आणि बेव्हल वर वळतो. प्लेट तिथे पोचतच नाही. वर्षानुवर्षं धार लावत गेलात की तिथे एक उंचवटा राहतो, मग कापताना दोरी त्यात अडकते. उपाय म्हणजे धारेच्या मुळाशी ३ मिमी व्यासाच्या गोल डायमंड कानशीने छोटी अर्धगोल खाच करायची, म्हणजे प्लेट धारेच्या शेवटापर्यंत जाते. हाताने, पाणी लावत. फिरत्या यंत्राने नको, तापतं. पण ही खाच केल्यावर चाकू परत करायचा विचार सोडून द्यावा लागेल, म्हणून सगळ्यात शेवटी.

रोजचा_खिसा

वरच्यांनी तांत्रिक भाग संपवलाच आहे. ‘पहिलं मत’ कसं बनवावं याबद्दल थोडं.

नवा चाकू हातात आला की आपण तो उघड-मिट करत बसतो आणि त्याच्या आवाजावरून, झपाट्यावरून मत बनवतो. फ्लिपरचा झपाटा मुख्यतः डिटेंटचा ताण आणि बेअरिंगवर अवलंबून असतो. त्यातून कापण्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी एक मोठं खोकं घ्या आणि लांब लांब पट्ट्या कापा, हात थकेपर्यंत. क्लिप तळहातात कुठे रुतते, फ्लिपर टॅब तर्जनीला घासतो का, ओढून कापताना बोट पुढे सरकतं का, हे सगळं तिथे कळतं. ८६ मिमी पात्याला १४२ ग्रॅम म्हणजे जरा जडच. लायनर पोखरलेले नाहीत असा माझा अंदाज.

मिटवताना एक सवय लावून घ्या. लायनर बाजूला ढकलला की अंगठा लगेच पात्याच्या वाटेतून काढा आणि पातं हळू खाली येऊ द्या. फ्लिपर असलेल्या चाकूत धार बोटापर्यंत पोचण्याआधी टॅबची बोथट बाजू तर्जनीवर येऊन थांबते. तिथे थांबला, बोट काढलं, मग उरलेलं मिटवलं. थंब स्टडवाल्या चाकूत टॅब नसेल तर हा अडसर मिळत नाही, हे दोन्ही प्रकार आलटून पालटून वापरणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा.

लॉक चिकटणं तुम्हाला कायमचं त्रास देणार असेल तर पुढचा चाकू वेगळ्या लॉकचा बघा. लायनर लॉकचं आजचं रूप मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात घडवलं, आणि क्रिस रीव्ह यांनी तीच कल्पना मुठीच्या जाड भिंतीत नेऊन फ्रेम लॉक केला. दोन्हींत अंगठा पात्याच्या वाटेत येतो. १९९८ साली बेंचमेडने आणलेल्या अ‍ॅक्सिस लॉकमध्ये आडवी पिन स्प्रिंगने पुढे ढकललेली असते, मिटवताना बोट वाटेत येत नाही, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखं. त्यातल्या बारीक ओमेगा स्प्रिंग कधीतरी तुटतात, पण सहसा दोन असतात, एकीवर काम चालतं. स्पायडर्कोचं कॉम्प्रेशन लॉक पाठीकडून सुटतं. बॅक लॉक जुनं आणि भक्कम, पण एका हाताने मिटवायला सराव लागतो.

टोकाने स्क्रू फिरवणं, डबा उचकटणं यातलं काहीही करू नका, नावात टॅक्टिकल असलं तरी. डी२ कडक असतं, टोक वाकत नाही, तुटतं. आणि बाळगण्याआधी तुमच्याकडचा कायदा वाचा: पात्याची लांबी, लॉक होणारं पातं, एका हाताने उघडणं, यावर ठिकठिकाणी वेगळी बंधनं आहेत. विमानात हा चाकू सोबतच्या सामानात चालत नाही.

सुतळीगाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही तपासण्या केल्या. झटक्यांना पातं बाहेर येत नाही, उभी हालचाल शून्य, दाब देताना लायनर सरकत नाही. सावकाश उघडल्यावर लॉकअप ३० टक्क्यांच्या आसपास, जोरात उघडल्यावर ४५. मार्कर लावल्यावर चिकटणं बरंच कमी झालं. मागचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळले तर पातं जवळजवळ मध्यावर आलं आणि हलणंही गेलं. पण पातं अजून थोडं जड आहे, फिरवताना एका जागी कुरकुर जाणवते. क्लिपचं मात्र तसंच.

छर्रा_वॉशर

कुरकुर प्रत्येक फेरीत त्याच जागी येते का बघा. त्याच जागी येत असेल तर खळग्याच्या काठावरचा बर किंवा बुंध्यावरचा खडबडीत डाग, तो खोलूनच निघेल. जागा बदलत असेल तर छऱ्यांमध्ये कचरा आहे. तेव्हा न खोलता पातं अर्धं उघडून पिव्होटच्या दोन्ही बाजूंनी आयसोप्रोपिल सोडा, वीस-पंचवीस वेळा उघडमिट करा, पूर्ण वाळू द्या आणि एकेक थेंब तेल घाला. अल्कोहोल लॉकच्या तोंडावरही जाईल आणि मार्कर पुसला जाईल, तो नंतर पुन्हा लावा.

रोजचा_खिसा

क्लिप स्वतः ओरबाडत नसते, तिच्याखालचा खरखरीत जी१० ओरबाडतो. क्लिप काढा, तिच्या टोकाखालचा बोटभर भाग मास्किंग टेपने चौकटीत घ्या आणि ४०० ग्रिटचा कागद पाणी लावून फिरवा, मग ६००. कोरडं घासू नका आणि मास्क लावा, जी१० काचेच्या धाग्यांचा असतो, त्याची धूळ श्वासात जाणं वाईट. सगळी नक्षी काढू नका, फक्त टोकदारपणा मोडेल एवढंच, नाहीतर क्लिप खिशाला धरणार नाही. क्लिपचं टोक जी१०वर टेकत असेल तर कापड सरकवायला जोर लागतो. क्लिप काढलेलीच आहे तर टोक अर्धा मिमी वर वाकवून घ्या, पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून. परत बसवताना तिन्ही टी६ स्क्रूंना २२२ लावा. चाकूतले स्क्रू हरवतात ते बहुतेक क्लिपचेच.